लॉरासाठी येणारं रडू

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

"मी ३८ वर्षांची. कोथरूडला राहते, नोकरी करते, आठ वर्षांची मुलगी आहे. मी नऊ ते अकरा वर्षांची असताना मे महिन्याच्या सुट्टीत आजोळी मोठ्या मामांनी माझ्याबरोबर जे केलं, ते मी कुणालाही पूर्ण सांगितलेलं नाही. नवऱ्याला 'लहानपणी काहीतरी झालं होतं' एवढंच माहीत आहे. दोन महिन्यांपूर्वी ऑफिसातल्या मैत्रिणीने सुचवलं म्हणून 'ट्विन पीक्स' ही जुनी अमेरिकन मालिका बघायला घेतली. त्यातल्या लॉरा पामरसाठी मी रात्र रात्र रडते. स्वतःसाठी कधी रडले नव्हते. पहिले दोन सीझन झाले, काही भाग तीन-तीनदा झाले. आता लॉराच्या शेवटच्या सात दिवसांवरचा सिनेमा आणि नंतरचा सीझन राहिलाय, पण धीर होत नाही. नवरा म्हणतो, त्रास होतो तर बंद कर. खोट्या मुलीसाठी एवढं रडणं हा वेडेपणा आहे का? सिनेमा बघू का? आईला शेजारी बसवून दाखवला तर न सांगता तिला कळेल, असंही वाटतं. तीन आठवड्यांनी आईकडे सदाशिव पेठेत गौरी जेवायला मामा येणार आहेत. माझी मुलगीही तिथे असेल."

ताई,

तुमच्या पत्राच्या शेवटच्या दोन ओळी आधी घेतो, कारण त्यांना तारीख आहे. लॉरा थांबेल, गौरी थांबणार नाहीत.

आवाहन, पूजन, विसर्जन असे तीन दिवस. माणसांची गर्दी असते ती मधल्या, जेवणाच्या दिवशी. तुम्ही आवाहनाच्या संध्याकाळी जाऊन साड्या नेसवायला, फराळाची ताटं मांडायला आईला मदत करा आणि परत या. मधल्या दिवशी गेलं नाही तरी चालतं. कारण एकच द्या आणि छोटं द्या: "उद्या जमणार नाही, म्हणून आज आले." डोकं दुखतंय, ऑफिस आहे, मुलीची परीक्षा आहे अशी तीन कारणं दिली की आई एकेक सोडवत बसते आणि शेवटी तुम्ही ताटावर मामांच्या समोर बसलेल्या असता.

जावंच लागलं, तर एक गोष्ट पक्की: मुलगी मामांबरोबर एकटी राहणार नाही. आतल्या खोलीत नाही, जिन्यात नाही, "चल, कोपऱ्यावरून आईस्क्रीम आणू" म्हणून स्कूटरवर नाही. "घरात एवढी माणसं आहेत, लक्ष असतंच" यावर हे सोडू नका. भरल्या घरात लक्ष सगळ्यांचं असतं म्हणजे कुणाचंच नसतं. एका माणसाला नाव घेऊन काम सांगा, आणि तो तुमचा नवराच असायला हवा. त्याला सगळं सांगायची आज गरज नाही. एवढं पुरेल: "मोठ्या मामांजवळ हिला एकटं सोडायचं नाही. का, ते मला माहीत आहे. तपशील मी सांगेन तेव्हा सांगेन, आत्ता विचारू नकोस." मुलीला घाबरवू नका. तिला सांगा की कुणाच्या मांडीवर बसायचं, कुणाला पापी द्यायची हे तू ठरवायचं. पाया पडायचं नसेल तर दुरून हात जोडले तरी नमस्कार पोचतो. आणि कुणी मोठ्याने "आईला सांगू नको हं" म्हटलं, की ती गोष्ट सगळ्यात आधी आईलाच सांगायची.

आता लॉरा.

हा वेडेपणा नाही. नऊ वर्षांच्या मुलीला ज्या माणसाच्या पंगतीला बसून आमरस खायचा असतो, त्याच माणसाबद्दलची भीती आणि किळस ती जागी ठेवू शकत नाही. ठेवली तर तिला ते घर सहन होणार नाही, आणि दुसरीकडे जायला तिला जागा नसते. म्हणून मन ते सगळं उचलून आत ठेवून देतं. त्यामुळेच तुम्ही तगलात. ठेवून दिलेलं नाहीसं मात्र होत नाही, बाहेर यायला सुरक्षित जागा शोधत राहतं. लॉरा ही तशी जागा आहे. ती नात्यातली नाही, तिच्यासाठी रडलं तर कुणाचं घर मोडत नाही, आणि "मग तेव्हाच का नाही बोललीस" असं कुणी विचारत नाही. शिवाय स्वतःच्या बाबतीत तुम्ही ज्या न्यायालयात उभ्या राहता, तिथे लॉराला उभं करत नाही. ती कोकेन घ्यायची, खोटं बोलायची, रात्री पळून जायची. हे सगळं बघूनही तिचा दोष होता असं तुमच्या मनात एकदाही आलं नसणार. तिचा निकाल तुम्ही रडता रडता देऊन टाकलाय. तोच निकाल आजोळच्या त्या मुलीला लागू करायचा राहिलाय.

आणि लॉराच का, यालाही कारणं आहेत. मालिका ८ एप्रिल १९९० ला अमेरिकेत एबीसी वाहिनीवर सुरू झाली. डेव्हिड लिंच आणि मार्क फ्रॉस्ट या दोघांनी ती रचली. सुरुवातीलाच पाण्याच्या काठावर प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं एका शाळकरी मुलीचं प्रेत सापडतं. शेरिल ली या अभिनेत्रीला आधी फक्त प्रेत आणि फोटो यांपुरतंच घेतलं होतं; मग तिचं काम पाहून लॉरासारख्याच दिसणाऱ्या तिच्या मावस-चुलत नात्यातल्या बहिणीची, मॅडीची भूमिका तिच्यासाठी लिहिली गेली. बहुतेक भागांच्या शेवटी नावं सरकतात ती लॉराच्या मुकुट घातलेल्या, हसऱ्या फोटोवरून. आपल्याकडच्या गुन्हेगारी मालिकांत मेलेली मुलगी पाचव्या मिनिटाला विसरली जाते आणि पुढे सगळी इन्स्पेक्टरची हुशारी. इथे तसं होत नाही. घर, शाळा, हॉटेल, सगळं गाव तिच्यावाचून कोलमडतं. तिची आई फोनवर जी किंचाळते, ते रडणं मालिकेने कापून छोटं केलेलं नाही.

मग हळूहळू कळतं की सगळ्यांना लॉरा अर्धीच माहीत होती. म्हाताऱ्यांना जेवणाचे डबे पोचवणारी, शाळेची लाडकी, आणि दुसरी, जिची डायरी लपवून ठेवलेली आहे. दुसऱ्या सीझनमध्ये खुनी म्हणून समोर येतो तिचा बाप, लीलंड: गावातला नावाजलेला वकील, गाणारा, नाचणारा, लेकीच्या दुःखात कोसळलेला. तुमच्यासाठी हाच धागा असावा. 'मामाचं गाव' म्हटलं की मराठी घरात सगळ्यांचे चेहरे फुलतात. ज्या मुलीचा तो शब्द ऐकून घसा आवळतो, तिला सगळ्यांबरोबर हसावं लागतं. पुण्याला तर घरातल्या प्रतिष्ठित माणसाचं हे रूप नवं नाही. १८६३ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांना इथे बालहत्या प्रतिबंधक गृह काढावं लागलं, ते ज्यांच्यासाठी, त्या विधवांची फसवणूक परक्यांनीच केली होती असं नाही. बदनामी बाईची झाली, पुरुषाचं नाव कुणी विचारलं नाही.

१९९२ चा सिनेमा मालिकेपेक्षा एक पाऊल पुढे जातो. त्यात लॉरा जिवंत आहे आणि गोष्ट तिच्या आतून दिसते. त्या वेळी समीक्षकांनी तो झोडपला. ज्या बायकांनी बालपणी असं काही सोसलं होतं, त्यांतल्या अनेकींना मात्र त्यात आपलं घर दिसलं. शेरिल ली यांनी मुलाखतींत सांगितलंय की अशा बायका त्यांना भेटून आभार मानतात. कारण काय, ते एका प्रसंगात कळतं. रात्रीच्या जेवणाच्या टेबलावर बाप लॉराचा हात हातात घेतो आणि नखं घाण आहेत म्हणून तिला छळतो. आई म्हणते, तिला ते आवडत नाही. तो आईलाच गप्प करतो. रक्त नाही, मारहाण नाही. ज्यांना हे माहीत नाही त्यांना तो तऱ्हेवाईक बाप वाटतो. ज्यांना माहीत आहे त्यांना ते टेबल कळतं.

योगायोगाने त्याच वर्षी, १९९२ मध्ये, अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ ज्युडिथ हर्मन यांचं आघातावरचं पुस्तक आलं. सावरण्याचे त्यांनी सांगितलेले तीन टप्पे आजही समुपदेशक वापरतात: आधी सुरक्षितता, मग आठवणं आणि शोक, मग माणसांशी पुन्हा जोडलं जाणं. तुमचं रडू दुसऱ्या टप्प्याचं आहे. पहिला टप्पा अजून अर्धा आहे, कारण तो माणूस तुमच्या सणाच्या पंगतीत बसतो. लॉरा तुम्हाला शोक देऊ शकते, सुरक्षितता देऊ शकत नाही. म्हणून आम्ही गौरींपासून सुरुवात केली, आणि म्हणूनच सिनेमा बघायचाच असेल तर गौरी झाल्यावर.

त्याआधी दोन ठिकाणी सावध करतो. पहिलं, बॉब. लीलंडमध्ये बॉब नावाची दुष्ट शक्ती शिरते आणि ती सगळं करवून घेते, असं मालिका सांगते. मरताना बाप तेच सांगून सुटतो. ही मालिकेतली सगळ्यात मोठी त्रुटी आहे असं आमचं मत आहे. तरीही बॉब खरा वाटतो, कारण लहान मूल असंच बघतं. दिवसा आंबे आणणारे मामा आणि रात्रीचं ते, ही दोन वेगळी माणसं केल्याशिवाय मुलीला सकाळी उठता येत नाही. मुलीची नजर म्हणून बॉब समजून घ्या, मोठ्या माणसाची सुटका म्हणून स्वीकारू नका. मामांच्या अंगात कुणी आलं नव्हतं. सिनेमात एका क्षणी लॉराला बॉबच्या चेहऱ्याजागी बापाचा चेहरा दिसतो. तिला कळतं. सिनेमाचा कणा तो आहे.

दुसरं, शेवट. लॉरा मरते आणि नंतर तिच्यासमोर देवदूत येतो, ती रडत रडत हसते. दृश्य विलक्षण आहे, पण थकलेल्या मनाला त्यातून "ती सुटली" असा अर्थ लागू शकतो. हे वाक्य तुमच्या मनात एकदा जरी "मीही सुटेन" असं होऊन आलं, तर लॅपटॉप बंद करून त्याच वेळी १४४१६ ला फोन करा. ही सरकारची टेलिमानस सेवा आहे, चोवीस तास, मोफत, मराठीत बोलता येतं. लाज वाटून सकाळची वाट बघू नका.

रडण्या-रडण्यातही फरक असतो आणि तो शरीरावरून ओळखता येतो. रडून झाल्यावर खांदे सैल पडतात, भूक किंवा झोप येते, दुसऱ्या दिवशी थकवा असला तरी कामं होतात, तर तो शोक आहे, येऊ द्या. हात गार पडतात, खोली लांब गेल्यासारखी वाटते, अर्धा तास कुठे गेला कळत नाही, रात्री दोनला तोच प्रसंग मागे घेऊन पुन्हा लावला जातो, तर तो शोक नाही. आतली धोक्याची घंटा पुन्हा वाजतेय आणि तुम्ही ती बंद करायला तिथेच परत जाताय. तुमचे 'तीन-तीनदा' पाहिलेले भाग यातले कोणते, ते तपासा. दुसऱ्या सीझनच्या सातव्या भागाचा शेवट, मॅडीच्या खुनाचा प्रसंग, त्यात असेल तर तो पुन्हा लावू नका. त्यात नवीन काही मिळणार नाही.

बघायचं ठरलं, तर बघण्याच्या आधी एक काम. वहीत तारीख घालून स्वतःला जे आठवतं ते पाच-सहा ओळींत लिहा: कुठलं गाव, कुठली खोली, तुमचं वय, घरात तेव्हा कोण कोण होतं. काय झालं याचा तपशील झेपेल तेवढाच, नाही झेपला तर नको. हे आधी करायचं, कारण सिनेमातली चित्रं फार ठसठशीत आहेत. ती तुमच्या आठवणीत मिसळली की पुढे तुम्हीच स्वतःला विचाराल, "हे खरंच झालं की मी पडद्यावर पाहिलं?" उद्या समुपदेशकाशी किंवा वकिलाशी बोलायची वेळ आली तर ही वही कामाची. आणि जे आठवत नाही ते आठवावं म्हणून सिनेमा बघू नका.

रविवारी सकाळी अकराला बसा, पोटभर नाश्ता करून. पडदे उघडे, नवरा घरात, मुलगी मैत्रिणीकडे. टीव्हीवर नको, लॅपटॉपवर. चित्र लहान राहतं आणि झाकण हाताशी असतं. हेडफोन अजिबात नको. लिंच यांच्या कामात भीती कानांतून शिरते, खालच्या सुरातली घरघर पोटात उतरते. आवाज निम्मा आणि सबटायटल चालू. सिनेमा सव्वादोन तासांचा आहे, तो एका बैठकीत संपवायचा नाही. पहिला साधारण अर्धा तास दुसऱ्याच मुलीच्या, टेरेसा बँक्सच्या तपासाचा आहे, लॉरा त्यात नाही. पहिल्या दिवशी तेवढाच बघून अंदाज घ्या. मधला तास दुसऱ्या आठवड्यात. शेवटचा अर्धा-पाऊण तास सगळ्यात कठीण, तो एकटीने नाही. तो कधीच पाहिला नाही तरी काही अडत नाही. गोष्ट तुम्हाला आता माहीत आहे.

सुरू करण्याआधी त्रासाला शून्य ते दहा असा आकडा द्या. दर पंधरा मिनिटांनी पुन्हा द्या. सुरुवातीपेक्षा तीनने वाढला किंवा सातला पोचला की तिथेच थांबायचं, 'हा प्रसंग संपू दे' म्हणायचं नाही. थांबल्यावर अनवाणी पाय फरशीवर घट्ट टेका, थंड पाण्याने मनगटं धुवा, दिसणाऱ्या पाच वस्तूंची नावं मोठ्याने घ्या, चार गोष्टींना हात लावा, तीन आवाज ऐका. मनात म्हणून उपयोग होत नाही. घाबरलेल्या मेंदूला स्वतःचा आवाज कानांनी ऐकू यावा लागतो. मग उठून घरातलं हाताचं काम करा, पालेभाजी निवडा, कपडे घडी करा, किंवा ऊन कमी असेल तर टेकडीवर अर्धा तास चाला. फक्त आडवं पडू नका. पामरांच्या घरात जिन्यावर छताचा एक पंखा फिरत राहतो आणि तो दिसला की काय होणार हे प्रेक्षकाला कळतं. आपल्याकडे प्रत्येक पलंगाच्या वर तो असतोच. बघितल्यानंतर तुमच्या झोपेच्या खोलीतला पंखा खटकायला लागला तर घाबरू नका, आठवडाभर टेबलफॅन लावा. पुढचे दोन दिवस झोपेची नोंद ठेवा. दोन्ही रात्री वाईट स्वप्नं आली तर पुढचा तुकडा महिनाभर नको.

खुनी कोण, कुठल्या दृश्यात कुठली खूण, अशा चर्चा सध्या वाचू नका. त्या लोकांचं प्रेम कोड्यावर आहे, तुमचं लॉरावर.

तुमच्या नवऱ्याची काळजी खरी आहे, उपाय चुकतोय. 'बंद कर' हे त्यांचं वाक्य तुम्हाला लहानपणी ऐकलेल्या गप्प बसण्याच्या हुकमासारखं ऐकू येत असेल, हे त्यांना ठाऊकही नसेल. त्यांना एक नेमकं काम द्या: सिनेमा चालू असताना बाजूच्या खोलीत थांबायचं, झाल्यावर चहा आणायचा आणि एकच विचारायचं, "बोलायचंय की नुसतं बसायचंय?" अंगाला हात लावण्याआधी विचारायचं. बहुतेक माणसांना मदत करायची असते, काय करायचं ते कळत नसतं.

आईला शेजारी बसवून सिनेमा दाखवू नका. हे आम्ही ठामपणे सांगतो. त्यात लॉराची आई सॅरा आहे. बाप तिला दुधातून गुंगीचं औषध देतो; ती बघते आणि बघत नाही. तुमच्या आईला तुम्ही एक शब्द बोलण्याआधीच आरोप ऐकू येईल. ती उठून स्वयंपाकघरात जाईल, किंवा "हे असलं काय घाण बघतेस" म्हणेल. बोलणं सिनेमाबद्दल असेल, लागेल तुम्हाला. शिवाय मामा तिचा भाऊ आहे. सांगितल्यावर ज्या माणसाचं सगळ्यात जास्त मोडणार आहे, त्याला पहिला श्रोता करू नये. आधी समुपदेशक, मग नवरा, मग आई.

तिला सांगाल तेव्हा गौरी-गणपती उरकलेले असावेत. दुपारची वेळ, घरात दोघीच, फोनवर नाही. शब्द आधी लिहून काढा आणि आरशासमोर म्हणा. असे काहीतरी: "आई, मी नऊ वर्षांची असताना आजोळी मोठ्या मामांनी माझ्याबरोबर वाईट केलं. पुढच्या सुट्ट्यांतही केलं. मला आज तुझ्याकडून उत्तर नकोय. ते इथे असतील तेव्हा मी आणि मुलगी येणार नाही." काय झालं, काय नकोय, पुढे काय होणार, एवढंच. मग "तेव्हाच का नाही सांगितलंस", "आता काय उपयोग", "त्याचं वय झालंय गं" यांपैकी एक येईल, किंवा शांतता. सगळ्यांना एकच उत्तर: "तेव्हा सांगता आलं नाही. आता सांगते आहे." आणि अर्ध्या तासात निघा. मुलं सांगत नाहीत, हे तुमच्या एकटीचं नाही. केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलांशी बोलणं झालं. ५३.२२ टक्के मुलांनी कुठल्या ना कुठल्या प्रकारचं लैंगिक शोषण झाल्याचं सांगितलं, आणि बहुतेकांनी ते आधी कुणालाच सांगितलेलं नव्हतं. आईची पहिली प्रतिक्रिया शेवटची समजू नका. तिलाही काही दिवस लागतील.

समुपदेशक शोधताना फोनवरच चार प्रश्न विचारा. शिक्षण काय: क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असतील तर आरसीआयची, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेची, नोंदणी आहे का. बालपणीच्या लैंगिक शोषणातून आलेल्या प्रौढ बायकांबरोबर काम केलंय का. आघातासाठीची कोणती पद्धत वापरतात: आघातकेंद्री सीबीटी (विचार आणि वर्तन यांवर काम करणारी) आणि ईएमडीआर (डोळ्यांच्या हालचालींच्या मदतीने आठवणींवर काम करणारी) या दोन्हींची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्ये केली आहे. आणि मी सांगितलेलं कुठल्या परिस्थितीत बाहेर जाऊ शकतं. चौथ्या प्रश्नावर अडखळणारा माणूस नको. पहिल्याच भेटीत सगळा तपशील मागणारा, माफ करून टाका म्हणणारा, तुम्हाला न विचारता आईला बोलावू म्हणणारा, संमोहनाने आठवणी काढून देतो म्हणणारा, यांपैकी कुणीही असला तर दुसऱ्या भेटीला जाऊ नका. पैशांची अडचण असेल तर सरकारी ससून रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी आहे. सकाळी लवकर जा, रांग असते. पहिल्या भेटीत कुठून सुरू करावं कळलं नाही तर लॉरापासून करा. "एक मालिका बघितली, त्यातल्या मुलीसाठी रडू थांबत नाही." चांगल्या समुपदेशकाला एवढं वाक्य पुरतं.

तक्रारीचं तुम्ही विचारलेलं नाही, म्हणून थोडक्यात. तुमच्या वेळी पॉक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणारा कायदा नव्हता, तो १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू आहे. त्याआधीच्या घटनांना तेव्हाची भारतीय दंड संहिता लागू होते. ज्या गुन्ह्याला तीन वर्षांपेक्षा जास्त शिक्षा होती, त्याला तक्रारीची मुदत नाही. कमी शिक्षेच्या गुन्ह्यांना आहे. तुमच्या बाबतीत कुठलं कलम बसतं, हे वकीलच सांगू शकेल. शिवाजीनगर न्यायालयातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, फोन १५१००. विचारायला गेलात म्हणजे तक्रार केलीत असं होत नाही. मात्र मामांच्या घरात किंवा शेजारी आज एखादं मूल त्यांच्या हाती असेल आणि तुम्हाला त्याची धास्ती वाटत असेल, तर प्रश्न वेगळा होतो. पॉक्सोच्या १९ व्या कलमाने अशी शंका पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. १०९८ हा मुलांसाठीचा क्रमांक आहे. त्यात गौरींची वाट बघू नका.

राहिला २०१७ चा, १८ भागांचा सीझन. तो वर्षभर तरी नको, आणि त्याचा शेवट आधीच सांगून ठेवतो, कारण तो अचानक समोर आला तर वाईट लागेल. लॉराच्या खुनाचा तपास करणारा एफबीआय एजंट कूपर तिला वाचवायला निघतो. त्याला ती वेगळ्या नावाने, वेगळ्या गावात, मोठी झालेली सापडते. तो तिला गाडीत घालून रात्रीच्या अंधारात तिच्या त्याच घरासमोर आणतो. तिला काय हवंय हे तो विचारत नाही, तिला घरी पोचवलं की झालं असं त्याला वाटतं. दार उघडतं ते परक्या बाईचं. रस्त्यावर उभा राहून तो विचारतो, हे कुठलं साल आहे? उत्तर मिळत नाही. घरातून आईच्या हाकेसारखा आवाज येतो, ती किंचाळते आणि घरातले दिवे जातात. तुम्हाला प्रेमाने त्याच घरासमोर, त्याच माणसाच्या पंगतीला नेऊन उभं करणारे पुष्कळ असतील, त्यांना तुम्ही नाही म्हणू शकता. कूपरच्या त्या प्रश्नाचं उत्तरही तुमच्याकडे आहे. रात्री दचकून जाग आली तर दिवा लावा, पाय फरशीवर ठेवा आणि मोठ्याने म्हणा: आजची तारीख, वार, साल. मी अडतीस वर्षांची आहे. हे कोथरूड आहे. दाराची कडी आतून मी लावली आहे. मुलगी शेजारच्या खोलीत झोपली आहे.